तिखट तिकडे, तेल इकडे

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण काय द्यायचं, यावर आमच्या बचत गटात दरवर्षी खल होतो. डबे झाले, चाळण्या झाल्या, रुमाल झाले. यंदा मी जरा शहाणपणा करायला गेले. आमच्या गटातल्या बऱ्याच जणी हिवाळ्यात मिरचीच्या पथारीवर देठ खुडायला जातात. म्हटलं, वाण म्हणून रबरी हातमोजे देऊ या. सगळ्यांनी कौतुकानं घेतले. आठ दिवसांनी पथारीवर गेले, तर एकीच्याही हातात मोजे नाहीत! मी थोडं रागावूनच विचारलं. तेव्हा त्यांच्यातली एक, माझ्याहून वयानं मोठी, हसून म्हणाली, "ताई, मोजे घातले की देठ बोटाला लागत नाही. दिवसाचं काम अर्ध्यावर येतं. मजुरी किलोवर आहे, हातावर नाही."

मी गप्प झाले. मग काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "रात्री हाताची आग होत असेल, तेव्हा काय करता?"

"तेल चोळतो. दुसरं काय?"

कुठलं तेल, तर दुकानातलं पिशवीचं. पिशवी तिथेच पडली होती, कुणीतरी त्यात चटणी-भाकरी बांधून आणलेली. सवयीनं मी ती उलटी करून वाचली. रिफाइंड पामोलिन. म्हणजे मलेशियाचं नाहीतर इंडोनेशियाचं. आणि ज्या मिरचीमुळे ही आग होते, त्या मिरचीची भारतातून परदेशी जाणारी गिऱ्हाइकं कोण? चीन आहे, आणि त्याच्या जोडीला थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया, बांगलादेश, श्रीलंका. तिखट तिकडे जातं, तेल इकडे येतं, आणि मध्ये आमच्या या बायकांचे हात.

ज्यांनी नंदुरबार पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. गुंटूरच्या खालोखाल मिरचीची मोठी बाजारपेठ म्हणून आमच्या गावाचं नाव घेतात. इथे शेतकरी ओली लाल मिरची बाजार समितीत आणतो. व्यापारी ती घेऊन गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर वाळत घालतात. त्या जागेला म्हणायचं पथारी. दिवाळीच्या सुमारास रस्त्यानं जाताना दोन्ही अंगाला जमीन लालभडक दिसते. फोटो काढणाऱ्यांची हौस होते. पण त्या लाल गालिच्याच्या कडेला पदरानं नाक-तोंड बांधून ज्या ओळीनं बसलेल्या असतात, त्या फोटोत बहुधा पाठमोऱ्याच येतात. मिरची पसरायची, खालवर करायची, वाळली की देठ खुडायचे, पांढरी पडलेली आणि डागी मिरची वेगळी करायची. अवकाळी पाऊस आला तर पळत जाऊन ढीग झाकायचे. ठसका तर दिवसभर. अंगावर पिणारं लेकरू असेल, तर संध्याकाळी त्याच्या तोंडाला हात लावायची चोरी. एक जण मला म्हणाली, मी लेकराला कोपरानं जवळ ओढते.

आता तुम्ही म्हणाल, सार्क, आसियान, व्यापार करार ही पहिल्या पानावरची भाषा. ती आपल्या पुरवणीत कशाला? खरं सांगू, मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. बी.ए.ला राज्यशास्त्र होतं, तेव्हा 'सार्क' म्हणजे पाच मार्कांची टीप. स्थापना 8 डिसेंबर 1985, ढाका, सदस्य सात. (2007 मध्ये अफगाणिस्तान आला आणि आठ झाले.) 'आसियान' म्हणजे दुसरी टीप. 1967, बँकॉक, सुरुवातीला पाच देश, मग वाढत वाढत दहा, आणि 2025 मध्ये पूर्व तिमोर धरून अकरा. टिपा पाठ केल्या, पास झाले, लग्न झालं, विसरून गेले. त्या टिपांचा माझ्या तेलाच्या बरणीशी काही संबंध असेल, हे कोणत्याच सरांनी सांगितलं नव्हतं.

मी हे आमच्या गटात कसं समजावलं ते सांगते. दोन आळ्या समजा. आपली एक आळी, सार्कची. पलीकडची दुसरी, आसियानची. आळीत वाटीची देवघेव असते. साखर संपली की शेजारणीकडून वाटीभर आणायची, आणि परत देताना वाटी रिकामी द्यायची नाही, हा आपला नेम. पलीकडच्या आळीत हे छान जमलं. त्यांचा एकूण व्यापार शंभर रुपयांचा धरला, तर वीस रुपयांहून जास्त आपसातला आहे. आपल्या आळीत तोच आकडा जेमतेम पाच रुपये! का? तर आळीतली दोन मोठी घरं एकमेकांशी बोलत नाहीत, आणि त्यांच्या अबोल्यात बाकीच्यांच्या वाट्याही अडून राहतात.

आपल्या आळीनं करार केला नाही असं नाही. 'साफ्टा' नावाचा मुक्त व्यापाराचा करार जानेवारी 2004 मध्ये इस्लामाबादला झाला, 2006 पासून लागू झाला. पण प्रत्येकानं "या वस्तू सोडून" अशी लांबलचक यादी काढली. पुढे 2014 च्या काठमांडूनंतर सार्कची शिखर बैठकच झाली नाही. 2016 ची इस्लामाबादची ठरलेली बैठक उरीच्या हल्ल्यानंतर बारगळली. 2019 मध्ये पुलवामानंतर आपण पाकिस्तानच्या मालावर दोनशे टक्के कर लावला, ऑगस्टमध्ये त्यांनी व्यापारच थांबवला. हल्ला झाल्यावर देशानं काय करायचं, हे मी घरात बसून सांगणार नाही. ज्यांची मुलं सीमेवर आहेत अशा आया आमच्याही जिल्ह्यात आहेत. मी फक्त आळीची गोष्ट सांगते आहे.

मग दोन आळ्यांच्या मध्ये एक बोळ काढला गेला, बिमस्टेक. 1997 मध्ये बँकॉकला सुरू झाला. इकडून भारत, बांगलादेश, श्रीलंका, तिकडून थायलंड आणि त्याच वर्षी म्यानमार, 2004 मध्ये नेपाळ आणि भूतान. बोळ चांगला आहे, पण त्याची फरसबंदी काही होत नाही. मुक्त व्यापाराच्या आराखड्यावर 2004 मध्ये सह्या झाल्या, त्यानंतरची वीस वर्षं बोलण्यात गेली. संघटनेची सनद अमलात यायलाच 2024 उजाडलं. आमच्या नगरपालिकेच्या गटारीचीसुद्धा मला यावरून आठवण झाली, पण ते असो.

बोळ अडला म्हणून आपण सरळ पलीकडच्या आळीत जाऊन वेगळा सौदा केला. 13 ऑगस्ट 2009 रोजी बँकॉकला भारत आणि आसियान यांचा वस्तुव्यापाराचा करार झाला, 1 जानेवारी 2010 पासून तो लागू व्हायला लागला. त्या कराराच्या याद्यांत मला खरी गोष्ट सापडली.

अशा करारात सगळ्या वस्तूंवरचा कर सारखा उतरत नाही. काही वस्तू अजिबात सोडायच्या नाहीत म्हणून बाजूला ठेवतात. आपण 489 प्रकार बाजूला ठेवले. आणि काही वस्तू 'खास' म्हणून ठेवल्या, ज्यांच्यावरचा कर हळूहळू, दहा वर्षांत उतरेल. त्या खास वस्तू कोणत्या? कच्चं पामतेल, शुद्ध केलेलं पामतेल, कॉफी, चहा आणि मिरी. आता जरा नकाशा डोळ्यांपुढे आणा. चहा, कॉफी, मिरी कुठे पिकते? दक्षिणेत आणि आसामात. केरळ या कराराच्या विरोधात इतकं पेटलं होतं, की 2 ऑक्टोबर 2009 रोजी कासरगोडपासून तिरुवनंतपुरमपर्यंत लोकांनी हात धरून मानवी साखळी केली. एवढं करूनही केरळला जे हवं होतं ते सगळं मिळालं नाही. पण त्यांची मिरी त्या यादीत निदान नावानिशी होती.

तसंच 2019 चं. आसियान आणि त्यांचे मित्रदेश मिळून 'आरसेप' नावाचा आणखी मोठा करार करत होते. आपल्या दूध संघांनी, शेतकरी संघटनांनी आवाज उठवला, की न्यूझीलंडची दूध पावडर आली तर आमच्या गायी-म्हशींचं काय? 4 नोव्हेंबर 2019 रोजी बँकॉकमध्ये भारतानं त्यातून अंग काढून घेतलं. दूध काढणाऱ्या बायका लाखोंनी आहेत, पण त्यांच्यामागे संघ होता, डेअरी होती, अध्यक्ष होते. ते दिल्लीला जाऊन बोलले.

पथारीवरच्या बाईमागे कोण आहे? तिचा संघ नाही. तिचं नाव कुठल्या हजेरीपटावर नाही. ती शेतकरी नाही, म्हणून शेतकऱ्याच्या मेळाव्यात तिला बोलावत नाहीत. ती कारखान्यातली कामगार नाही, म्हणून कामगार कायद्याची तिच्यावर नजर पडत नाही. "आमले कोन इचारस वो ताई?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता ते ऐकून वाईट वाटायचं बंद झालं होतं. हातमोज्यांच्या प्रसंगानं परत वाटलं.

आमचे हे व्यापारातले नसले तरी पेपर बारकाईनं वाचतात. त्यांचं म्हणणं असं, की करार नसता, बाहेरचं तेल आलं नसतं, तर तुझ्या याच बायकांना फोडणी परवडली नसती. आपल्याला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं. हे मला मान्य आहे. 2022 च्या दिवाळीत राज्य सरकारनं 'आनंदाचा शिधा' दिला. शंभर रुपयांत रवा, साखर, चणाडाळ आणि एक लिटर पामतेल. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर त्या तेलात पुऱ्या तळल्या गेल्या, आणि पोरांनी पोटभर खाल्ल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. स्वस्त तेलाला नाक मुरडायचं काम माझ्यासारख्या पोट भरलेल्या बाईनं करू नये.

पण त्याच वर्षी एप्रिल-मे महिन्यांत इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात तीन-चार आठवडे बंद ठेवली होती, हेही आठवा. तिकडे त्यांच्या बायकांना तेल महाग झालं म्हणून त्यांनी दार लावलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण इकडे आपल्या दुकानात तेलाची पिशवी हातात घेऊन बायका परत ठेवत होत्या. माझी आई सांगते, तिच्या लहानपणी खान्देशात भुईमुगाचं तेल गावच्या घाण्यावरून यायचं, पेंड गुरांना जायची. 1986 मध्ये तेलबियांची मोहीम निघाली, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला देश तेलात जवळजवळ स्वतःच्या पायावर उभा राहिला होता. मग 1994 पासून पामोलिनची आयात खुली झाली. आता कर कमी केला की शेंगा-सोयाबीनवाला रडतो, वाढवला की गृहिणी रडते. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या तेलावरचा कर वाढवला, मे 2025 मध्ये निम्मा केला. प्रत्येक वेळी पेपरात दोनच बाजू येतात, शेतकरी आणि ग्राहक. मजुरी करून तेल विकत घेणारी कुठल्या बाजूला धरायची, ते कोणी ठरवलेलं नाही.

सौद्याचा हिशेब म्हणाल, तर आसियानशी आपला व्यापारातला तोटा 2010-11 मध्ये सुमारे 5 अब्ज डॉलर होता, तो 2022-23 मध्ये 43 अब्जांच्या वर गेला. म्हणूनच 2022 मध्ये दोन्ही बाजूंनी कराराचा आढावा घ्यायचं ठरवलं. म्हणजे याद्या पुन्हा टेबलावर आल्या. दिल्लीत बसणाऱ्यांना मिरचीचे आकडे ठाऊक असतात. देठ कोण खुडतं ते ठाऊक असेल का?

आणि ते ठाऊक असणं त्यांच्याच फायद्याचं आहे. 2003 मध्ये फ्रान्समध्ये भारतातून गेलेल्या मिरचीच्या पदार्थांत 'सुदान' नावाचा बंदी असलेला रंग सापडला. त्यानंतर युरोपीय संघानं नियम कडक केले, आपल्या मसाला मंडळानं निर्यातीच्या मिरचीची तपासणी सक्तीची केली. रंगाशिवाय दुसरी भीती अफ्लाटॉक्सिनची. मिरची नीट वाळली नाही, ओल राहिली, की जी बुरशी धरते तिचं हे विष. आता सांगा, मिरची जमिनीवर वाळते की ओट्यावर, पाऊस आल्यावर कोण झाकतं, डागी मिरची कोण वेगळी काढतं? परदेशी प्रयोगशाळेत जो नमुना पास किंवा नापास होतो, त्याची पहिली तपासणी पथारीवर बसलेली बाई उघड्या बोटांनी करते. तिला कोणी तपासनीस म्हणत नाही, एवढंच. आपल्या नंदुरबारची मिरची इथूनच जहाजात चढते असं नाही. बरीचशी तिखट होऊन देशातच जाते. पण बाहेर मागणी पडली की गुंटूरचा भाव पडतो, आणि गुंटूरला शिंक आली की आमच्याकडे सर्दी होते. भाव पडला की कात्री सगळ्यात आधी मजुरीला लागते.

एक गंमत सांगते. आमच्या नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. फलाटावरच्या एका बाकड्याच्या मधोमध सीमा आखलेली आहे, लोक त्यावर बसून फोटो काढतात. पाहुणे आले की आम्ही हौसेनं नेतो. त्याच फलाटावरून आमच्या माय-बहिणी दरवर्षी गुजरातेत ऊसतोडीला, बांधकामाला जातात. त्यांना सीमा कुठे लागली ते कळतही नाही. मालाला मात्र पूर्वी नाक्यावर तासन्‌तास थांबावं लागायचं. 2017 मध्ये जीएसटी आला आणि विक्रीकराचे नाके उठले. माल मोकळा झाला. पण सीमा ओलांडून गेलेल्या बाईचं लेकरू तिकडे कुठल्या शाळेत घालायचं, हे कोडं होतं तिथंच राहिलं. मालासाठी दार उघडणं आणि माणसासाठी उघडणं यातला फरक मला दोन देशांच्या आधी या दोन राज्यांनी शिकवला.

सार्कनं फक्त भांडणंच केली असं समजू नका. सार्कचा एक विकास निधी आहे, त्याचं कार्यालय भूतानमध्ये थिंपूला आहे. त्यातून घरबसल्या काम करणाऱ्या बायकांसाठी 'साबाह' नावाचा उपक्रम सुरू झाला. भरतकाम, विणकाम, खाद्यपदार्थ करणाऱ्या बायकांना एकत्र आणायचं, मधला दलाल टाळून माल विकायला मदत करायची. आपल्या अहमदाबादच्या 'सेवा' संस्थेचाही त्यात हातभार होता. म्हणजे सरकारांना सुचत नाही असं नाही. सुचतं, पण ते कोपऱ्यात राहतं. पाकिस्तानात सिंध प्रांतात कुनरी नावाचं गाव आहे, तेही मिरचीसाठी प्रसिद्ध. तिथेही मिरची उघड्यावर वाळते, तिथेही तोडणी-निवडणीला बायकाच, आणि तिथेही अफ्लाटॉक्सिनची तीच रड. कुनरीची बाई आणि आमची बाई एकमेकींना कधी भेटणार नाहीत. भेटल्या, तर सगळ्यात आधी एकमेकींचे तळहात बघतील असं मला वाटतं.

मग मागायचं काय? "बायकांचा विचार व्हावा" अशी मोघम मागणी मी इतक्या वर्षांत बऱ्याच व्यासपीठांवरून केली. हार-तुरे मिळाले, मिरचीचा देठही हलला नाही. म्हणून यावेळी पथारीवरच बैठक घेतली. केंद्र सरकारनं जिल्ह्याजिल्ह्यात निर्यातवाढीच्या समित्या करायला सांगितल्या आहेत, जिल्हाधिकारी त्याचे प्रमुख. जिल्ह्यातली मिरची बाहेर जावी म्हणून तिथे योजना आखायच्या, तर आमचं म्हणणं तिथेच मांडायचं ठरलं. मी घरून तीन मुद्दे लिहून नेले होते. वाळवणीसाठी सिमेंटचे ओटे आणि वर शेड, बोटाला देठ लागेल असे पातळ हातमोजे, आणि किलोचा दर पथारीवर पाटी लावून जाहीर करणं.

बायकांनी माझे मुद्दे ऐकून घेतले आणि क्रम बदलला. पाटी पहिली. शेड दुसरी. हातमोजे त्यांनी खोडलेच, दर वाढला तर बघू म्हणाल्या. त्याऐवजी पाळणाघर घातलं. आणि एक मुद्दा असा आला, जो माझ्या स्वप्नातही नव्हता. हंगाम संपेपर्यंत बोटांची कातडी सोलून निघते, मग रेशनच्या मशिनवर अंगठा उमटत नाही. दोन-दोन चकरा होतात, कधी धान्य न घेताच परत यावं लागतं. मिरचीच्या हंगामात अंगठ्याशिवाय रेशन द्यायची सोय करा, हा चौथा मुद्दा.

अर्जाखाली शाईचा पॅड ठेवला होता. पहिलीनं तो बाजूला सारला आणि पेन मागितलं. गटात शिकलेली सही, अक्षरं थोडी वाकडी, पण पूर्ण नाव. मग बाकीच्यांनीही पेनच मागितलं. दोघींनी अंगठा दिला, त्यातला एक उमटला, एक नुसताच डाग आला.

अर्ज दिला आहे, पोच माझ्याकडे आहे. नवी मिरची ऑक्टोबरात येईल.